बुर्जाखालचं घर

बाबांना भिंत ठोकून बघायची सवय आहे. बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायचं आणि कान लावायचा. गिलावा करणारी सगळीच माणसं हे करतात. आत पोकळ राहिलं असेल तर आवाज फुटका येतो. पण मस्कतमधल्या अल् घुब्र्याच्या फ्लॅटमध्ये मी पाहिलं ते वेगळं होतं. ते जेवता जेवता उठत, ठोकलेलीच भिंत पुन्हा ठोकत आणि परत येऊन ताटाकडे बघत बसत.

ओमानातली त्यांची बावीस वर्षं संपत आली होती. सामान बांधायला मदत म्हणून मी व्हिजिट व्हिसावर गेले होते. त्यांच्या एका वसईकर मित्राने त्यांना त्या फ्लॅटमधली एक खोली दिली होती. मित्राच्या बायकोने चौथ्या दिवशी मला स्वयंपाकघरात गाठलं. "तुझे पप्पा भिंतीशी बोलतात ग," ती म्हणाली. "आम्ही इतकी वर्षं काही बोललो नाही. पण आता ते गावी जाणार, तिथे तर अख्खं घर, घरभर भिंतीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मित्राची गाडी मागून घेतली. "इब्रीकडे जाऊन येऊया," मला म्हणाले. "येतंस?"

मस्कत मागे पडलं. डोंगर लागले तसे बाबा बोलायला लागले, समोर बघत, कुणाला तरी जबानी द्यावी तसे.

अकरा वर्षांपूर्वी इब्री शहराच्या अलीकडच्या एका गावात जुन्या बुर्जाची डागडुजी निघाली होती. गावाभोवती पूर्वी मातीचा कोट होता, त्यातला हा एकच बुर्ज बऱ्यापैकी उभा होता. काम पाच कोकणी माणसांकडे आलं, मुकादम बाबा. अशा भिंतीला माती आणि बारीक कापलेला भुसा कालवून दिवसचे दिवस भिजत ठेवायचा, पातळ थर द्यायचा, तो सुकला की दुसरा. कंत्राटदाराला घाई होती. पंधरा दिवसांत काम बघायला माणसं येणार होती.

"मग त्याने सिमेंट घालायला लावलं," मी म्हणाले.

"नाय. ता मीया घातलंय."

आमच्याकडे चिऱ्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा पिढ्यान् पिढ्या टिकतो. बाबांना वाटलं, चिऱ्यावर बसतं ते मातीवर का नाही बसणार? बसलं. बुर्ज अंड्यासारखा गुळगुळीत झाला. बघायला आलेल्यांनी हात फिरवून वाहवा केली. पण मातीची भिंत श्वास घेते. तिचं तोंड बांधलं की आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. वरचं कवच टणक राहतं आणि आत चिखल होतो. दोन वर्षांनी मोठा पाऊस आला. बाबा तेव्हा मस्कतमध्येच कुरुमला एका ऑफिसच्या कामावर होते. बुर्जाच्या कामावर पाणी आणणाऱ्या टँकरवाल्याचा फोन आला की तुमचा बुर्ज गेला, खालच्या घरावर पडला. लाइन तुटली. मग तो टँकरवाला त्याच्या देशात निघून गेला.

त्या खालच्या घरात एक म्हातारी राहायची. काम चालू होतं तितके दिवस रोज दुपारी ती या पाचांना ताकाचा मोठा जग पाठवायची.

"नंतर कोणाला विचारलं नाहीत?"

"कोणाक इचारू? काय इचारू? म्हातारी माझ्या भिंतीखाली गावली काय, असा?" मग म्हणाले, "आता विमानात बसलंय तर परत कधी कळूचा नाय."

मी पत्रकांवर वाढले. आई युनियनचं काम करायची; आमच्या खोलीत पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत आणि अक्षरओळख मला त्यांनीच करून दिली. त्यामुळे चूक कोणाची हे मला नेहमीच चटकन कळतं. मी तिथेच गाडीत सुरू झाले. मुदत कोणी घातली? जुन्या कामाचं शिक्षण कोणी दिलं नाही? पाच मजुरांवर बुर्ज सोडून देखरेख करणारे कुठे होते? हे लिहायला हवं, मी लिहिणार.

बाबांनी ऐकून घेतलं. "तुझ्या कागदात मजूर नेहमी बरोबरच असता," ते म्हणाले. "बरा आसा. पण हात माझो होतो गो."

मला राग आला. कंत्राटदार दोषी होता हे मी आजही कोणाच्याही तोंडावर म्हणेन. पण त्या दिवशी ते म्हणून बाबांच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही.

गाव हायवेपासून आत होतं. नव्हतंच खरं तर. डोंगराच्या पायथ्याशी तपकिरी भिंतींचे सुळके उभे होते, दातांसारखे झिजलेले. छपरं गेलेली, खिडक्यांची भोकं, एका दरवाज्याची फक्त चौकट. त्यातली गल्ली कुठली आणि घर कुठलं ते कळत नव्हतं. एकच वेस धड होती. तिच्यावरच्या फटीतून शत्रूवर उकळता खजुराचा पाक ओतत, बाबांनी मला दाखवलं. त्या उन्हात पातेली वर कोणी चढवली असतील, एवढंच माझ्या मनात आलं. पलीकडे खजुराची झाडं होती, बिनशेंड्याची, नुसते खांब. वारा त्यांतून जायचा तेव्हा पानांचा आवाज होत नसे. तो न होणारा आवाज मला फार ऐकू येत होता.

बुर्जाच्या जागी मातीचा उतार होता. पावसांनी तो इतका सपाट केला होता की इथे काही उभं होतं हे सांगूनही पटलं नसतं. फक्त मधूनमधून राखाडी कवचं वर आलेली होती, वाकडी, मोठ्या परातीएवढी. सिमेंट. माती विरघळून गेली होती आणि बाबांचा गिलावा तेवढा शाबूत होता. बाबांनी एक कवच उचललं. आतल्या बाजूला भिंतीच्या मातीचा ठसा होता, बाहेरची बाजू थापीच्या हाताने अजून गुळगुळीत. ते पेरानं ठोकायला गेले आणि हात मागे घेतला.

उताराच्या तळाशी एका घराचा पाया दिसत होता. बाकी घर उताराच्या आत होतं. आम्ही दोघंही त्याच्या जवळ गेलो नाही.

तेवढ्यात पिकअप आली. पांढऱ्या पायघोळ दिशदाशातला एक म्हातारा उतरला, मागच्या टाकीला पाइप लावला आणि कोपऱ्यातल्या एका लिंबाच्या झाडाला पाणी घालू लागला. त्या सगळ्या मुलखात तेवढंच हिरवं होतं. आम्हाला बघून त्याने हात वर केला. इब्रीच्या बाजारात हिंदुस्थानी दुकानदारांशी व्यवहार करण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे त्याला हिंदी येत होती.

"क्या देखता है? इधर कुछ नहीं. खलास."

बाबांनी सलाम केला. मग त्या घराकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "यहाँ एक बूढ़ी अम्मा रहती थी?"

"मेरा माँ."

बाबा खाली बसले. मातीतच.

"उस दिन अंदर नहीं था," म्हातारा सांगू लागला. मोठ्या पावसाचं चिन्ह दिसत होतं म्हणून त्याने आईला आदल्या दिवशीच हायवेजवळच्या नव्या घरी नेलं होतं. माणूस कोणी मेलं नाही. पण बुर्ज घराबरोबर डोंगरातून येणाऱ्या पाण्याच्या पाटावरही पडला. पाट गाडला गेला. उकरायला माणसं आली, पण माती निघाली तरी खालचे सिमेंटचे तुकडे निघेनात, आणि पाणी तोवर दुसरीकडे वळलं होतं. दोन उन्हाळ्यांत झाडं गेली. मग घरं एकेक करून रिकामी झाली. आई त्यानंतर तीन वर्षं जगली. नव्या घराच्या दारात बसून रोज विचारायची, पाणी आलं का.

"आप क्या बोलता था?" बाबांनी विचारलं.

"बोलता था, कल. इन्शाल्ला."

बाबा उठले. गिलाव्याचं त्यांनी हिंदीत सांगितलं नाही, कामावरच्या मोडक्या अरबीत सांगितलं. मला शब्द कळले नाहीत. छातीवर ठेवलेला हात कळला, कवचाकडे गेलेलं बोट कळलं. म्हाताऱ्याने पाइपचं पाणी बंद केलं. तो बाबांकडे बघत राहिला, इतका वेळ की मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले. कंत्राटदार, मुदत, सगळं तोंडाशी आलं होतं. बाबांनी मला हाताने बाजूला केलं.

म्हातारा पिकअपकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात कहव्याचा, बिनदुधाच्या कॉफीचा थर्मास होता आणि बाजारातून आणलेल्या खजुरांचा प्लास्टिकचा डबा. चटई अंथरून त्याने बाबांना बसवलं आणि घोटभर कहवा ओतला.

तिथली रीत अशी की पाहुण्याने कप हलवून 'पुरे' असं दाखवेपर्यंत यजमान ओतत राहतो. बावीस वर्षांत बाबांना हे माहीत नसणं शक्य नव्हतं. त्यांनी पहिला कप प्यायला आणि न हलवता तसाच पुढे धरला. दुसरा, तिसरा. मी एक पिऊन कप हलवला होता. पाचव्यानंतर थर्मास तिरपा करावा लागला. म्हातारा ओतत होता आणि बाबा कप स्थिर धरून बसले होते. शेवटी थर्मासमधून नुसता गाळ आला. तेव्हा म्हाताऱ्याने बाबांच्या बोटांतून कप सोडवून घेतला, स्वतःच्या हाताने दोनदा हलवला आणि चटईवर पालथा ठेवला.