आपणहून बंद पडलं तर

माझ्या नणंदबाई सकाळी उठल्या की चहाच्या आधी हातात मल्टिमीटर घेऊन भिंतीतल्या प्लगपाशी उभ्या राहायच्या. वीज किती व्होल्टने येते आहे, हे दाखवणारं ते हाताएवढं यंत्र. व्होल्टेज हा शब्द त्यांना आवडत नसे. त्या ‘दाब’ म्हणायच्या. ‘आज दाब बरा आहे,’ किंवा ‘आज दाब पडलाय, पंप लावू नका,’ असं घरभर जाहीर करून मग त्या चूळ भरायच्या.

एकदा मी त्यांना अलिबागच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. कंपाउंडरने कागद पुढे ओढून विचारलं, “आजी, दाब किती असतो एरवी?”

“एकशे नव्वद,” वन्सं म्हणाल्या. “गणपतीत एकशे सत्तरवर येतो. सगळ्या गावाची रोषणाई असते ना.”

त्याने घाबरून खुर्ची पुढे सरकवली. खुलासा झाल्यावर आम्ही तिघंही हसलो. पण ‘आजी’ म्हटल्याबद्दल वन्संनी त्याला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

शैलाताई त्यांचं नाव. माझे यजमान सुधीर त्यांचे धाकटे भाऊ, म्हणून माझ्या त्या वन्सं. लग्न केलं नाही. किहीमला आमच्या सासऱ्यांची नारळाची वाडी आणि माडीचं घर आहे, तिथे एकट्या राहायच्या. काम आर्किटेक्टच्या ड्रॉइंगचं. मुंबईचे लोक किनाऱ्याला बंगले बांधतात. त्यांचे नकाशे वन्सं कॉम्प्युटरवर काढायच्या आणि बंगला उभा राहिल्यावर कसा दिसेल, त्याचं रंगीत चित्रही करून द्यायच्या. भिंती, कौलं, दोन माड आणि माडामागे समुद्र. “प्लॉटवरून समुद्र दिसो न दिसो,” त्या म्हणायच्या, “चित्रात तो लागतोच. नाहीतर गिऱ्हाईक पायऱ्यासुद्धा मोजत नाही.”

अशी चित्रं करायला कॉम्प्युटर तगडा लागतो. वन्संचा पहिला तसा होता, पण त्यातला एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आलेला. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज आत घेऊन प्रत्येक भागाला झेपेल तेवढी वाटून देणारा डबा. हा फुकटचा डबा हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी फट्‌कन वाजला, धूर सोडला आणि जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही घेऊन गेला. अर्ध्या झालेल्या दोन बंगल्यांसकट.

त्याच हिवाळ्यात त्यांच्या हृदयाचा स्नायू अशक्त झाल्याचं निदान झालं होतं. मी अलिबागला औषधांचं दुकान चालवते. डॉक्टरांनी कोणत्या गोळ्या लिहून दिल्या ते पाहिलं आणि मला काय ते कळलं. सुधीरना मी तेवढंच सांगितलं, जेवढं सांगणं गरजेचं होतं. कॉम्प्युटर जळाल्यावर ते किहीमला गेले आणि बहिणीपुढे बसले.

“ताई, झालं ते बरं झालं. आता काम पुरे. आमच्याकडे अलिबागला चल.”

“का? मी काय जळाले?”

“एकटीने राहायचे दिवस आहेत का हे?”

“मी नवीन मशीन उभं करते. स्वतःच्या हाताने.” आणि मग त्यांनी पैज लावली. ती मी तिथेच बसून ऐकली. मशीन पावसाळाभर चालवून दाखवायचं. वीज गेली तर ते धरायचं नाही, ती सगळ्यांचीच जाते. पण वीज असताना मशीन एकदा जरी आपणहून बंद पडलं, तर वन्सं मुकाट्याने अलिबागला येणार. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं देईपर्यंत ते पडलं नाही, तर सुधीरनी हा विषय आयुष्यात पुन्हा काढायचा नाही.

सुधीरनी कबूल केलं. किहीमची वीज त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. आपण जिंकणार याची त्यांना खात्री होती.

लाँच बंद व्हायच्या आत, मे महिन्यात, मी आणि वन्सं मांडव्याहून मुंबईला गेलो. बाकीची खरेदी तासाभरात उरकली. एसएमपीएसला मात्र दुपार गेली. दुकानदार गुजराती, बोलायला गोड.

“बेन, ये कॅबिनेट लो. एसएमपीएस साथ में फ्री.”

“फ्रीवाला तुम रखो, भाई. एक बार घर में आके सब को लेके गया.”

त्याने दुसरा काढला. वन्संनी तो तळहातावर घेऊन दोनदा वर-खाली केला. “हलका है.”

“आजकल सब हलकाच आता है, बेन. टेक्नोलॉजी!”

“टेक्नोलॉजी हलकी हो गयी, तांबा नहीं हुआ.” मग माझ्याकडे वळून, “हे बघ वर्षा, इथे मोठ्या अक्षरांत साडेचारशे वॅट लिहिलंय ना? तो लग्नातला फोटो. रोजचा चेहरा खाली बारीक अक्षरांत असतो.” चष्मा कपाळावर सारून त्यांनी ती बारीक अक्षरं वाचली आणि डबा परत केला.

त्यांचा हिशोब सरळ होता. सगळे भाग मिळून मशीन फार तर सव्वातीनशे वॅट खाणार. वन्सं साडेसहाशेचा मागत होत्या. मी म्हटलं, दुप्पट कशाला?

“अर्ध्या ताकदीवर राबवला की थंड राहतो, कुरकुरत नाही. आणि असा घ्यायचा की दाब शंभरावर आला तरी त्याने आपलं आत चोख वाटलं पाहिजे. दम लागेपर्यंत कोणाला राबवू नये गं.”

“हे नियम माणसांना नाहीत वाटतं?” मी विचारलं. दुकानाच्या तीन पायऱ्या चढून आल्यावर त्या स्टुलावर बराच वेळ बसल्या होत्या.

तेवढ्यात दुकानदाराने आतून एक जड खोका आणला. “बेन, ये लो. दस साल की वॉरंटी.”

वन्संनी तो मांडीवर घेतला, तोलला आणि खूश होऊन हसल्या. “दहा वर्षं! म्हणजे हा मला पोचवून वर उरेल.” दुकानदाराला मराठी समजत असावं. त्याने मान खाली घातली आणि बिल करायला घेतलं.

लाँचवर तो खोका त्यांनी कोणाच्या हातात दिला नाही.

मशीन त्यांनी माडीवरच्या खोलीत जोडलं, कारण खाली पावसाळ्यात ओल येते. एसएमपीएस कॅबिनेटच्या तळाला बसवला आणि त्याचा पंखा वरच्या बाजूला ठेवला. खाली ठेवला तर जमिनीवरची रेती ओढेल, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे दारं लावली तरी रेती घरात येतेच.

पाऊस सुरू झाला. सुधीर रोज संध्याकाळी फोन करत.

“पडलं का?”

“नाही रे. तू कुठे पडलास का?”

“ताई, खरं सांग.”

“सुध्या, मशीन चालू आहे. फोन ठेव, मला कौलं लावायची आहेत.”

जुलैत माडाची झावळी तारांवर पडली आणि दिवे दिवसभर लवलवत राहिले. शेजारच्यांचा फ्रिज गेला. वन्संचं मशीन चालू. गणपतीत गावभर माळा लागल्या, दाब एकशे साठच्या खाली आला, पंखे जेमतेम फिरत होते. वन्संनी त्यातल्या तीन दिवसांत एका बंगल्याचा स्विमिंग पूल रंगवला. सुधीर रोज हरत होते आणि रोज फोन करत होते. भावाबहिणीचं इतकं बोलणं त्याआधी वर्षानुवर्षं झालं नसेल.

मी पंधरवड्यातून एकदा गोळ्या घेऊन जात असे. प्रत्येक वेळी माडीवर एखादी नवी वस्तू दिसे. आधी चहाचा थर्मास, मग पाण्याची कळशी, मग बिस्किटांचा डबा, पुढे कपड्यांची दोरी. वाडीचं काम बघणारी हिराबाई मला म्हणाली, “ताय आता खाली येतच न्हाय, वैनी. सगला वरच न्यावा लागतंय.”

“कामात असतील,” मी म्हटलं. आणि मनात म्हटलं, शहाणी बाई, वेळ वाचवते.

दसऱ्याला आम्ही नेहमीप्रमाणे किहीमला गेलो. हत्यारांची पूजा आमच्याकडे सकाळी होते. कोयते, कुदळ, विहिरीचा पंप, सगळं पुसून मांडलं. वन्संनी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून आतली धूळ ब्रशने झाडली आणि सुधीरना वर बोलावलं. “ये रे. माझ्याही हत्याराला कुंकू लाव.”

सुधीरनी मनापासून पूजा केली. हरले होते तरी राग नव्हता. झेंडूचं फूल वर ठेवलं, गंध लावलं, आणि ‘ताईचं काम असंच चालू दे,’ म्हणत मूठभर अक्षता आत वाहिल्या. आमच्याकडे अक्षता मोजून वाहायची पद्धत नाही.

जेवणं झाली. सुधीर वाडीच्या टोकाला नारळ उतरवून घ्यायला गेले. दसऱ्याला थोडं तरी काम करायचं असतं म्हणून वन्संनी पत्रा लावून मशीन चालू केलं आणि एका बंगल्याचं चित्र करायला लावलं. मी शेजारी बसून आपट्याची पानं निवडत होते. थोड्या वेळाने गरम वास आला. टक्‌ असा आवाज झाला. पडदा काळा झाला. छताचा पंखा मात्र फिरत होता, म्हणजे वीज होती.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. वन्संनी पत्रा काढला, तळाशी हात लावला आणि पटकन मागे घेतला. एसएमपीएस तापला होता. टॉर्च मारली तर जाळीखाली पंख्याच्या पात्याशी लालसर तांदळाचे दाणे अडकले होते. पंखा फिरलाच नव्हता.

सगळं थंड होऊ दिलं. मग त्यांनी चिमट्याने एकेक दाणा वेचून बशीत ठेवला. पंखा बोटाने फिरवून पाहिला. बटण दाबलं. मशीन सुरू झालं, जसं काही झालंच नव्हतं.

“बघितलंस? एकही भाग जळला नाही. आपण थांबला आणि बाकीच्यांना वाचवलं. पैसे वसूल.” त्यांच्या आवाजात अभिमान होता. मग त्यांनी स्वतःच मशीन नीट बंद केलं, खुर्चीला टेकल्या आणि म्हणाल्या, “कपाटावरची माझी बॅग काढ.”

“वन्सं, हे धरायचं नाही. अक्षता होत्या.”

“काढ गं.” थोडा वेळ त्या नुसत्या श्वास घेत राहिल्या. “दोन महिने झाले, मला जिना उतरवत नाही. उतरले तर चढवत नाही. आंघोळीचं पाणी काढताना दोनदा खाली बसते. मला वाटलं होतं, श्रावणात कधीतरी पडेल हे, मग येईन. पडेचना. फारच चांगला घेतला मेला.”

मी बॅग काढली. दुसरं काय करणार होते?

“सुध्याला सांगू नकोस,” त्या म्हणाल्या. “होईना म्हणून आली, असं नको. पैजेत हरली म्हणून आली.”

सुधीर आले तेव्हा बॅग भरून दाराशी होती. आधी त्यांना कळेचना. मग बशीतले दाणे पाहिले आणि चेहरा उतरला.

“ताई, तांदूळ मी टाकले! हे कसं धरशील?”

“कोणी टाकले ते पैजेत नव्हतं. वीज होती, मशीन बंद पडलं.”

“आता चालू आहे ना?”

“दुपारी नव्हतं. ते सोनं दे इकडे, आणि मला हात दे. जिना उतरायचाय.”

आमच्या घरी त्या हिवाळाभर होत्या. मशीनचे खोके गॅलरीत तसेच राहिले. सुधीरनी दोनदा विचारलं, जोडून देऊ का? “बघू,” म्हणाल्या. मी त्यांना आंघोळ घालायचे, तेव्हा त्या डोळे मिटून बसायच्या आणि पाणी फार गरम आहे म्हणून मला बोलायच्या. पाणी बेताचंच असायचं. होळीच्या आधी, एका सकाळी, माझ्या हातून अर्धा कप चहा घेऊन त्या गेल्या.

दिवसकार्य आटोपल्यावर आम्ही दोघं किहीमला घर आवरायला गेलो. सुधीर जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले ते उठेनात. मी वरच्या खोलीतले कपडे बांधून खाली आणले तरी ते तिथेच.

“एक संध्याकाळ राहिली होती,” ते म्हणाले. “चार तास. मी ते तांदूळ टाकले नसते, तर ती इथे, आपल्या घरात गेली असती. मी तिला तिच्या घरातून काढलं.”

वन्संनी सांगू नकोस म्हटलं होतं. पण त्या गेल्या होत्या आणि हे समोर बसले होते. मी सगळं सांगितलं. जिना, आंघोळीचं पाणी, श्रावणात पडेल म्हणून पाहिलेली वाट.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मला बरं वाटावं म्हणून सांगतेस?”

“तशी मी कधी बोलते का?”

“नाही.” त्यांनी जिन्यावरून वर पाहिलं. “म्हणजे तिला दोन महिने होत नव्हतं. मी रोज फोन करत होतो, वर्षा. एकही दिवस चुकलो नाही. एकदाही बोलली नाही मला.”

“तुम्ही विचारलंत कुठे? मी तरी कुठे विचारलं?” मी गाठोडं खाली ठेवलं आणि त्यांच्या शेजारी बसले. “आपण सगळे मशीन बंद पडतंय का, ते बघत होतो.”