बोटवाल्या मामांचा समुद्र

समुद्र कसा असतो, असं बोटवाल्या मामांना कुणी विचारलं की ते म्हणायचे, "आमी त्यात काय टाकलं, तेवढंच बघितलं."

हे माझ्या आईचे धाकटे भाऊ. माण तालुक्यातलं मेंढरांचं घर. क्रूझ जहाजावर नोकरी लागली तेव्हा दहिवडीच्या स्टँडवर अर्धं गाव पोचवायला आलं होतं. जहाजावर वर पोहण्याचे तलाव, नाचगाणी. मामा सगळ्यात खाली, कचरा निवडण्याच्या खोलीत. उरलेलं अन्न दळून खोल समुद्रात सोडायची परवानगी होती, प्लॅस्टिकची नव्हती. पण निवडत बसायला वेळ कुणाला? साहेब म्हणायचा, तसंच दळा. पेले, चमचे, पिशव्या अन्नाबरोबर दळल्या जायच्या आणि वहीत 'फक्त अन्न' लिहून मामा सही करायचे. अशी आठ वर्षं गेली.

एकदा ते सुट्टीवर आलेले असताना एक मेंढी पोट फुगून मेली. आजोबांनी पोट फाडलं, तर आत प्लॅस्टिकचा गोळा. आजोबा एवढंच म्हणाले, "कोण टाकतंय रं हे रानात?" मी तिथंच होते. मामा उठले आणि बांधावर जाऊन बसले. त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढच्या फेरीत एका बंदरात तपासनीस जहाजावर चढले. वही चाळून त्यांनी मामांना विचारलं, सगळं बरोबर आहे ना? साहेब शेजारीच उभा होता. मामा "नाही" म्हणाले आणि दळायला ठेवलेलं पोतं उघडून दाखवलं. कंपनीला दंड झाला. मामांना पुन्हा बोलावणं आलं नाही. गावातले मित्र हसले, "साऱ्या दुनियेचा कचरा तुलाच दिसला व्हय रं?" मामा मेंढरं घेऊन रानात जाऊ लागले.

गेल्या वर्षी मिरजेच्या दवाखान्यात शेवटचे भेटले. मी म्हणाले, "मामा, केवढी हिंमत केलीत तुम्ही." त्यांनी मान हलवली. "एकदाच खरं बोललो गं. आठ वर्षं खोटी सही केली, तीबी माजीच हाय." मग मामीकडं वळले. "माजी राख पाण्यात सोडू नगंस. लय टाकलंय मी पाण्यात."

ते गेल्यावर थोरले मामा ऐकेनात. माहुलीचा संगम सोडून राख रानात? भावकी काय म्हणंल? संगमावर न्यायला गाडी दारात आली, तेव्हा मामी राखेचं मडकं छातीशी धरून शेताकडं चालू लागल्या. बोरीखाली त्यांनी स्वतः खड्डा खणला. थोरले मामा चिडून मागोमाग आले, खड्ड्यापाशी थांबले. मग टोपी काढून खाली बसले आणि दोन्ही हातांनी माती लोटू लागले.