मान दिला आन इनबाई लीडर झाल्या

माझी विहीण मेली त्याला आज वरीस झालं, आन मला भांडायला तोलामोलाचं मानूस अजून घावलं न्हाई.

लेक मी गावातच दिली. त्यामुळं विहीण रोज तोंडाम्होरं.
आमी एकमेकीला इनबाई म्हनायचो. पोराची आई त्या, म्हनून मान त्यांचा. गप बसायचं माझ्याकडं.
ते मला किती जमतं, तुमाला ठावं हाय.

गावातल्या शेतकरी बायांच्या ग्रुपला सोयाबीनचं मळणी यंत्र मंजूर झालं. अट एकच, आधी लीडरशिपचं ट्रेनिंग करा.
मंग काय, पिशव्या भरून आमी सगळ्या अंबाजोगाईला.

पयल्याच दिवशी मॅडम म्हनल्या, तुमची लीडर निवडा.
लीडर मलाच व्हायचं होतं. मनात तर मी कवाच झालते.
पन शेजारी विहीण बसलेली. रीत म्हनून बोलले, "इनबाई, पयला मान तुमचा."

आता रीत अशी हाय, की त्यांनी म्हनायचं, छे, तुमीच व्हा. मी नको नको करायचं. आन मंग घ्यायचं.
ताटात पोळी वाढतानाबी आमच्यात असंच असतं.

मॅडम पडल्या शहरातल्या. त्यांनी लगेच चार्टवर इनबाईचं नाव लिहिलं आन टाळ्या वाजवल्या.
इनबाई माझ्याकडं अशा बघायल्या, जसं मी त्यांला हिरीत ढकललं.

तसं ते ढकलनंच होतं.
यंत्र कुठं ठेवायचं हे ग्रामसभेत लीडरनं सांगायचं होतं. आन आपल्याच शेडात पायजे म्हनून अडून बसलेले होते इनबाईचे थोरले दीर.
त्या दिराम्होरं इनबाई लगीन होऊन आल्यापसून मोठ्यानं खोकल्याबी नव्हत्या.
यंत्र त्या शेडात गेलं असतं, तर आधी त्यांचं, मंग त्यांच्या सोयऱ्यांचं. आमची सोयाबीन ढिगातच भिजून काळी.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी नवीन खेळ काढला. लीडरची एक चूक तिच्या तोंडावर सांगा.
बाया लई हुशार. एक म्हनली चूकच न्हाई. दुसरी म्हनली लई मायाळू हायेत. मॅडमनी आपलं लिहून घेतलं.
माझी पाळी आली. लेक माझी त्यांच्या चुलीम्होरं. आज मी बोलनार, वरीसभर टोमने तिनं खायाचे.
पन यंत्र डोळ्याम्होरं दिसायलं.
"इनबाई, तुमी बोलता का जप करता? शेजारच्या बाईला ऐकू येईना, तिथं दिराला काय येनार?"

इनबाई म्हनल्या, "घरी चला, मंग बघते."
मी मनात लेकीची माफी मागून टाकली.

दुपारी जेवायच्या टायमाला ताट घेऊन माझ्याच शेजारी येऊन बसल्या. भात कालवला. आन खालमानेनं म्हनल्या, "शिकवा मंग."

गावात आल्यावर आमची शाळा सुरू झाली. कपाशीच्या रानात या बांधावर मी, त्या बांधावर इनबाई. त्यांनी तिथून बोलायचं, ऐकू आलं की मी हात वर करायचा.
मला ऐकू यायचं. पन मी हात वर करायची न्हाई. अजून मोठ्यानं म्हनायची.
त्याबी मंग पेटल्या. यंत्राचं भाषन बाजूला, थेट लग्नातल्या मानपानावर आल्या.
गावात बोभाटा झाला, इनी इनी रानात भांडायल्या. लेक अनवानी पळत आली, पाठीमागून आळीतल्या बाया, समजूत काढायला.
इनबाई तिला म्हनल्या, "तू घरी जा. आमचं ट्रेनिंग चालू हाय."

ग्रामसभेला दीर पयल्या रांगेत बसले. इनबाईनी डोक्यावरचा पदर कपाळापत्तुर वढला आन हुभ्या राहिल्या. मी बघत होते.
म्हनल्या, यंत्र बायांचं हाय, शाळेम्होरच्या पटांगनात राहील. ज्याची काढनी आधी त्याची पाळी आधी, मंग तो कुनाचा कोन का असंना.
दीर बसल्या जागेवरून म्हनले, "हे आपन घरी बोलू."
"घरचं घरी बोलू, दादा. हे गावाचं हाय."
देवळामागं तंबाखू मळनाऱ्यालाबी ऐकू गेलं.

दीर बरेच दिवस त्यांच्या दारात आले न्हाईत. मंग सुगी आली आन गपगुमान पाळीला हुभे राहिले.

इनबाई गेल्या तवाबी सुगीच होती. दुखवट्याला बसल्यावर कोनीतरी विचारलं, यंत्र दहा दिस बंद ठेवायचं का?
दिराकडं बघितलं सगळ्यानी.
दीर म्हनले, "चालू ठेवा बाबा. न्हाईतर तिथून मला बोलंल ती."
भर दुखवट्यात बाया पदराआड हसल्या. मीबी.

इनबाई, मळनी चालू हाय. गावाचा रामराम घ्या.