सापाला आग्रह

मुलगी सासर सोडून लोणावळ्याला आली तेव्हा तिच्याकडे दोनच गोष्टी होत्या. कपड्यांची बॅग आणि उशीच्या अभ्र्यात गाठ मारून ठेवलेला साप. रिक्षातून उतरताना तिनं बॅग माझ्या हातात दिली आणि अभ्रा छातीशी धरून घरात गेली.

साप अजगराच्या जातीतला, आफ्रिकेकडचा. मनगटाएवढा जाड, लांबीला माझ्या छातीपर्यंत येईल इतका, बिनविषारी. त्याच्या नोंदणीचे कागद तिनं आपल्या आधार कार्डाबरोबर एकाच पाकिटात ठेवले होते. मागच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखाली, त्याची काचेची पेटी मांडली. तळाला ऊब देणारी चटई, एका कोपऱ्यात लपायला उलटी कुंडी. फ्रीजमध्ये मटारच्या पिशवीशेजारी डब्यात गोठवलेले पांढरे उंदीर. तिची आई असती तर फ्रीजसकट सगळ्यांना बाहेर काढलं असतं.

माझी सगळी नोकरी घाटात गेली. कर्जतहून वर येणाऱ्या गाडीला मागून इंजिन जोडतात, ते मी चालवायचो. बत्तीस वर्षं मागून ढकलायचंच काम केल्यावर स्वभावही तसाच होतो. कुणी थांबलेलं मला बघवत नाही. आणि हा साप तर आल्यापासून दोन महिने काही खातच नव्हता. मुलगी दर दहा दिवसांनी उंदीर दाखवायची, तो जीभ काढून वास घ्यायचा आणि तोंड फिरवायचा. ती निमूट उंदीर काढून घ्यायची. जागा बदलली की असं होतं, म्हणायची. ती स्वतःही अर्धी भाकरी टाकून उठायची. त्यावर मी काही बोललो की दार लावून घ्यायची.

श्रावणात तिला कंपनीनं दोन आठवड्यांसाठी चेन्नईला पाठवलं. परंदवडीकडच्या कारखान्यात नुकतीच लागली होती, नाही म्हणता येईना. जाताना तिनं मला बजावलं, "गुरुवारी उंदीर दाखवा. नाही खाल्ला तर काढून घ्या. आग्रह करू नका. आणि चुकून हात धरलाच, तर ओढायचा नाही. त्याचे दात मोडतात. गप बसून राहायचं." मग चपला घालता घालता म्हणाली, "पप्पा, त्या घरातून माझं म्हणून एवढंच आलंय."

साप उपाशी मेला तर तिला कुठल्या तोंडानं सांगणार? तीन वर्षं ती मला सासरहून फोन करत होती. तिसऱ्या महिन्यातच म्हणाली होती, मला न्यायला या. मी म्हणालो होतो, बाळा, भांड्याला भांडं लागायचंच, सांभाळून घे. दर वेळी तेच. शेवटी ती एकटीच आली. आल्यावर त्याबद्दल एक शब्द बोलली नाही, मीही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात आंदर मावळातून माझी थोरली बहीण, अक्का, पायलीभर इंद्रायणी तांदूळ घेऊन आली. पेटीत वाकून बघत म्हणाली, "अरं, दूध तरी ठिवलंस का त्याला?"

"अक्का, साप दूध पीत नाही. उंदीर खातो."

"मंग माज्या कणगीत सोड की! लय माजल्यात तितं." मग गंभीर झाली. "आपल्या घरात कोण उपाशी उठलंय का कवा? म्होरं बस. हातानं भरव. कसं खात न्हाई बघू."

आमच्याकडे पाहुण्याच्या ताटावर दोन्ही हात आडवे आले तरी बोटांच्या फटीतून वाढतात. अक्का ती, आणि मीही तिचाच भाऊ.

गुरुवारी दिवेलागणीला उंदीर गरम पाण्यात ठेवून ऊबदार केला. धुकं खिडकीतून आत येत होतं, खोलीतला दिवा दुधी झाला होता. मी चिमट्यात उंदीर धरला आणि पेटीशी मांडी घालून बसलो. साप कुंडीतून डोकं काढून बघत राहिला. जीभ आत, बाहेर, आत. "घे रे राजा. एवढा एक घास. माझ्यासाठी." असं किती वेळ चाललं कोण जाणे. त्याचं डोकं इतकं स्थिर होतं की भिंतीवरचं घड्याळही मला थांबल्यासारखं वाटलं. उंदीर गार झाला असेल म्हणून मी दुसरा हात पुढे करून चाचपायला गेलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

काही दिसलंच नाही. कुंडीत होता तो मनगटावर होता. दात रुतले, आणि क्षणात तीन वेढे बसले. त्याच्या ओठांवर बारीक खळगे असतात, त्यांना ऊब कळते, हे मला नंतर समजलं. हवेत उंदराचा वास, आणि समोर सगळ्यात ऊबदार काय, तर माझा हात.

ओढायचा नाही. मी गप बसलो. दुखत होतं, पण फार नाही. त्याच्या वेढ्यात माझी नाडी मला ऐकू येत होती. प्रत्येक ठोक्याला तो जरासा आवळायचा. बिचारा माझं काळीज थांबायची वाट बघत होता. धुकं आता माझ्या मांडीपर्यंत आलं होतं. पेटी, तसबीर, दार, सगळं विरघळत गेलं, उरलो मी आणि तो. किती वर्षांत मी असा काही न करता बसलो नव्हतो! ढकलायचं नाही, ओढायचं नाही, समजावायचं नाही. त्या धुक्यात मला तिचे फोन ऐकू यायला लागले. शब्द नव्हेत, शब्दांमधलं थांबणं. ती थांबायची, आणि मी लगेच बोलायला लागायचो. एकदाही तिला पुढचं बोलू दिलं नाही. मी तिथं बसल्या बसल्या रडलो.

वेढे कधी सैल झाले कळलं नाही. तो सावकाश उतरला आणि कुंडीत गेला. मनगटावर लाल ठिपक्यांची कमान उठली होती. मी हात धुतला, औषध लावलं. अक्काला सांगितलं नाही.

चार दिवसांनी पुन्हा उंदीर गरम केला, पेटीत ठेवला, पेटीवर चादर टाकली आणि दार ओढून ओट्यावर जाऊन बसलो. आत एकदाच धप्प असा हलका आवाज झाला. मी उठलो नाही. जेवणं झाल्यावर चादरीची कड उचलून पाहिली, तर त्याच्या तोंडाबाहेर उंदराची नुसती शेपटी राहिली होती. चादर खाली सोडली. आनंदानं मला झोप आली नाही.

मुलगी आली ती थेट मागच्या खोलीत. सापाच्या पोटावरून हळूच हात फिरवला, हसली. मी चहा देताना तिला माझं मनगट दिसलं.

"धरलं होतं त्यानं? किती वेळ?"

"असेल पंधरा-वीस मिनिटं."

"आणि तुम्ही ओढलं नाहीत?"

"तू सांगितलं होतंस ना, ओढायचं नाही म्हणून."

ती कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. माझ्या तोंडाशी दहा गोष्टी आल्या होत्या. मी एकही बोललो नाही. तिचं थांबणं संपेपर्यंत थांबलो.

"हे बरं ऐकलंत, पप्पा," ती म्हणाली.

"चुकलं माझं, पोरी," मी म्हणालो. "तेव्हा न्यायला यायला हवं होतं."

तिनं कप खाली ठेवला, आणि पहिल्या दिवसापासून सांगायला लागली.