फोन एंगेज लागत होता

शिकणं आणि मार हे माझ्या डोक्यात जोडीनंच बसलेत. शाळेत मास्तर पट्टी उभी धरून पेरांवर हाणायचे. भाकरीची कड फाटली की आई तापलेलं उलथनं दंडाला लावायची. लग्नानंतर मी दुकानातली रद्दी वाचत बसायची, तर आमच्या ह्यांनी एकदा तागडीच्या दांडीनं पाठ फोडली. तरी वाचलंच म्हणा. चौथीच्या पुढचं माझं सगळं शिक्षण रद्दीवर झालंय.

म्हणून सून जेव्हा म्हणाली, "आत्ती, कॉम्प्युटरवर शिकवत्यात. बाई पुण्यात आणि आपण हितं," तेव्हा मला आधी काय सुचावं? बरं झालं, त्या बाईचा हात इथवर पोचायचा नाही!

तो कॉम्प्युटर घरी आला मुंग्यांमुळं. आमचं गुळाचं दुकान. पोरानं हिशेबाला म्हणून मशीन घेतलं, पण गुळाच्या दुकानात मुंग्यांना कोण थोपवणार? आत शिरल्या, मशीन बंद. दुरुस्त करून त्यानं ते मंगळवार पेठेतल्या घरी आणून ठेवलं. तिथं सून दुपारी हिशेब भरायची.

सून सीमाभागातली, बारावी झालेली. पुढं शिकायची भूक मोठी. तिनं राजारामपुरीतल्या क्लासचं नाव काढलं, तर माझ्या पोरानं जेवता जेवता, त्याच खरकट्या हातानं तिच्या थोबाडीत दिली. गालावर आमटी ओघळली.

"पोरांच्या मांडीला मांडी लावून बसणार व्हय? शिकायचं तर घरात बसून शीक!"

ती घरात बसूनच शिकायला लागली. दर मंगळवारी दुपारी बाईंचा वर्ग. बाई लिहायच्या, ते इकडं पडद्यावर उमटायचं, वर्गातल्या बायका आपापल्या घरून उत्तर लिहायच्या. आवाज नाही, तोंड दिसत नाही. पोराला वाटायचं, धडे मशीनमध्येच भरलेले असतात. फोनची वायर मशीनच्या पाठीत जाते, हे त्यानं कधी वाकून बघितलं नाही. आताच्या मुलांना खरं वाटायचं नाही, पण तेव्हा इंटरनेट लावलं की मशीन भांडणाऱ्या मांजरासारखं केकाटायचं, आणि वर्ग संपेपर्यंत घरचा फोन एंगेज. बाहेरच्याला वाटणार, कोणीतरी बोलतंय.

त्या मंगळवारी परीक्षा होती. पास झाली तर पुढच्या वर्गात, नाहीतर शिकणं बंद. पोरानं तसं बजावूनच ठेवलं होतं. सून पडद्यासमोर पेपर सोडवत होती आणि मी पलीकडं सोप्यात वर्षभराची लाल तिखटाची चटणी डब्यात भरत होते. भाजलेल्या मिरचीचा ठसका साऱ्या घरात.

तिकडं दुकानात पोरगा गोदामाच्या चावीसाठी घरी फोन लावत होता. एंगेज. परत लावला, एंगेज. दुकानातला कोणीतरी हसत म्हणाला म्हणे, "काय मालक, वैनींचं लांबलंय की बोलणं!"

झालं. दार लाथेनं उघडलं ते भिंतीवर आपटून परत आलं.

"कोण हाय त्यो?"

"कोन न्हाय वो, माझा पेपर चाललाय."

"मला शिकवती? तासभर फोन लागत न्हाय! कुणाशी बोलत बसलीस?"

त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तोंड कीबोर्डवर आपटलं. एकदा, परत एकदा. बटणं उडून फरशीवर सांडली, मला वाटलं दातच पडले. एक दात खरंच होता त्यात. ती उजव्या हातानं टेबल धरून उठायला लागली, तर त्यानं फोनचा रिसीव्हर त्या बोटांवर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला सोप्यात ऐकू आला.

मी दोन्ही मुठी चटणीत घातल्या, आत गेले आणि पोटच्या पोराच्या डोळ्यांत भरल्या.

तो गुरासारखा हंबरला. डोळे चोळेल तशी आग वाढली. भिंतीला धडकला, खाली बसला. लोंबकळता रिसीव्हर मी त्याच्या कानाला दाबून धरला. आत नुसतं खर्रर्र चाललेलं.

"ऐक! ह्योच त्यो. ह्याच्याशी बोलत हुती तुझी बायकू. हाण आता ह्याला!"

"आव्वा, डोळं गेलं माझं!"

"होतं कधी तुला?"

वळून बघते तर सून फरशीवर बटणं गोळा करतेय. ओठ फाटलेला, पदर रक्तानं भिजलेला.

"आत्ती, अर्धा पेपर राहिलाय."

"आधी दवाखाना."

"दवाखाना कुठं पळून जातोय? येळ संपंल."

रिक्षावाला तिला बघून म्हणाला, "सीपीआर दवाखान्याला घेऊ?" सून म्हणाली, "राजारामपुरी. कॅफे." तो बिचारा आरशातून सारखा मागं बघत राहिला. ज्या क्लासपायी थोबाडीत खाल्ली, त्याच्याच खाली हा इंटरनेटचा कॅफे होता. पोरं खुर्च्या सोडून उठली. ती डाव्या हातानं पेपर लिहीत होती आणि मी रुमालानं तिचा ओठ दाबून धरला होता. माझे हात तिखटाचे, तिला किती झोंबलं असेल! तिनं पेपर पाठवला तेव्हा कुठं मान खुर्चीला टेकवली.

पडद्यावर बाईंनी विचारलं, मध्येच कुठं गेलीस? मला वाटलं, काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. तिनं एकेक अक्षर शोधत लिहिलं, नवऱ्यानं मारलं.

मग गगनबावड्याकडच्या एकीचं उत्तर आलं. सुनेनं मला वाचून दाखवलं. माझाही कान असाच फोडलाय. कॉलेजात शिकवलेलं ऐकू येत नव्हतं, म्हणून हा वर्ग घेतला. तिच्याखाली दुसरी, मग तिसरी. मला वाटलं होतं, घरी बसून शिकायची सोय आहे म्हणून ह्या पोरी इथं जमल्यात. इथं तर एकेक मार खाऊनच आलेली.

ती पास झाली. दातांमध्ये फट पडली, उजवं मधलं बोट अजून वाकडंच आहे.

पण निकाल नंतरचा. पुढच्याच मंगळवारी दुपारी, हाताला प्लास्टर असताना, ती पिशवी घेऊन बाहेर निघाली. पोरगा दारात आडवा उभा. डोळे अजून लाल.

"कुठं?"

"राजारामपुरीला. वर्गाला."

त्याचा हात वर गेला. ती मागं सरली नाही, पिशवी खांद्याला लावून तशीच उभी राहिली. मी सोप्यात चटणीच्या डब्याचं झाकण तेवढं काढून बाजूला ठेवलं. तो आवाज त्यानं ओळखला.

दार मोकळं झालं.