मराठीतच सांगायचं होतं आईंना

तिसऱ्या तासाला फळ्यावर लिहीत होते तेव्हा शेजारच्या भाभींचा फोन आला. "दीदी, अम्माजी आँगन में गिर गई हैं, जल्दी आइए." शाळेतून हिंदी मुलखातल्या आमच्या महाराजपूरच्या घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं… आई, म्हणजे माझ्या सासूबाई, धुणं वाळत घालता घालता गेल्या. त्याला आता सात आठवडे झाले. भेटायला आलेले म्हणतात, भाग्याचं मरण, कुणाकडून काही करून घेतलं नाही. मी ऐकून घेते. त्यांचं काय राहून गेलं ते मला ठाऊक आहे.

चार वर्षांपूर्वी ओवी झाली. बाळंतपण सुखरूप झालं, पण मला तिच्याबद्दल काही म्हणता काही वाटेना. ती रडली की मी भिंतीकडे तोंड करून पडायची. माझा नवरा सुहास कारखान्यात ओव्हरटाइम करायचा. त्याला वाटे, थकवा असेल. माहेरची माणसं दृष्ट काढून परत गेली. एका दुपारी आईंनी विचारलं, "काहून रडून राहिली?" मी म्हणाले, "आई, ही मला माझी वाटतच नाही." त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी ओवीला उचललं आणि म्हणाल्या, "चल, डॉक्टरला दाखवू."

डॉक्टरांनी समुपदेशनाला पाठवलं. त्या मॅडम हिंदी बोलणाऱ्या, शांत. दर आठवड्याला जायचं ठरलं, पण दोनदा मी अंथरुणातून उठलेच नाही. मग त्यांनीच मार्ग काढला: एक आठवडा समोरासमोर, एक आठवडा व्हिडिओ कॉलवर. घर दोन खोल्यांचं. मला मोकळं बोलता यावं म्हणून आई भर मे महिन्यात ओवीला पदराखाली घेऊन कॉलनीतल्या मंदिराच्या ओट्यावर जाऊन बसत. समोर गेले की मॅडम न सांगता ओळखत… केस विंचरलेले नाहीत, बाळ अंगापासून लांब धरलंय. फोनवर मात्र कॅमेरा बंद करून मी ते बोलायची, जे तोंडावर बोलवत नव्हतं. तसंच एकदा बोलून गेले, की मी नसले तर सगळ्यांचंच बरं होईल. मॅडम म्हणाल्या, "यह बात सिर्फ़ मेरे पास नहीं रहेगी. घर में किसको बताऊँ?" मी म्हणाले, "आईंना." मॅडमनी कळवलं तशी त्याच दुपारी आई मला ऑटोत बसवून त्यांच्याकडे आणि तिथून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. औषधं सुरू झाली.

परतताना आई रस्त्याकडे बघत बोलल्या. "मलेही झालं होतं हे. सुहासच्या आधी एक मुलगी होती. मी तिले हात लावत नव्हती. घरचे म्हणत, बाहेरचं लागलं. चार महिन्यांची होऊन तापानं गेली… मी तिले एकदाही नीट पाह्यलं नाही." सुहासला यातलं काही माहीत नव्हतं. सांगू नको, म्हणाल्या.

मी हळूहळू बरी झाले. ओवीला कुशीत घेऊन झोपू लागले. एकदा आग्रह करून आईंना मॅडमकडे नेलं. त्या खुर्चीवर अवघडून बसल्या, "सब अच्छा है जी" म्हणाल्या आणि उठल्या. जिन्यात म्हणाल्या, "भाजीवाल्याशी बोलता येते हिंदीत. हे नाही बोलता येत." मी विचारलं, "तुमच्या वतीनं मी सांगू?" "तुझ्या तोंडून नको."

मग माझी नोकरी, ओवीची शाळा… दिवस गेले. यंदा कुणीतरी नागपूरच्या एका समुपदेशक बाईंचं सांगितलं, व्हिडिओ कॉलवर बोलतात म्हणून. आईंनी विचारलं, "मराठीत बोलते का ते?" "हो." "तू बाजूले बसशील?" "बसेन ना." बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "चलो, मग विचार." शनिवारची वेळ मिळाली. आई मंगळवारी गेल्या.

ती वेळ रद्द करायचं कुणाला सुचणार? शनिवारी अकराला फोन वाजला तेव्हा मी त्यांच्या पलंगावर बसले होते. पडद्यावरच्या बाईंनी हसून विचारलं, "आई कुठे आहेत?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला बोलायचंय?" तुझ्या तोंडून नको, असं आई म्हणाल्या होत्या, तरी मी बोलले… त्यांच्याच शब्दांत, मला ठाऊक होतं तेवढं सगळं.

फोन ठेवला तर दारात सुहास उभा होता. "मला बहीण होती?"

"हो."

तो येऊन आईच्या पलंगावर बसला. "नाव काय होतं तिचं?"

चार वर्षांत मी आईंना ते विचारलंच नव्हतं.