मळक्या नोटांचं टेबल

“तुम्ही तिकडं बसा, मळक्या नोटांपाशी. तुमच्या लोकांला घाणीची सवय हाय.”

बँकेच्या लातूर शाखेत हेड कॅशियर मला हे सगळ्यांसमोर बोलले. सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज सत्तरी ओलांडली तरी गेली नाही.

चलनात ठेवायच्या नोटा एकीकडं, बाद करायच्या दुसरीकडं, असं ते छाटणीचं काम. नाकात धूळ, बोटांना चिरा. म्हणून प्रत्येकाला आठ दिवसांची पाळी. माझी पाळी चार वर्षं संपली नाही. खराब नोटा बदलून द्यायचं कामही माझ्याकडंच.

एक दिवस डाळमिलमध्ये डाळ निवडायला जाणारी बाई आली. घामानं विटलेल्या पाच नोटा. कागद अखंड, नंबर स्पष्ट. पोरीच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता, आणि कॉलेजनं त्या नोटा घेतल्या नव्हत्या.

“जयभीम, दादा,” ती म्हणाली.

हेड कॅशियरनं मान वर केली. “काय, तुमचे पाव्हणे आले का?”

मी नोटा नुसत्या उलटसुलट केल्या. “चालत नाहीत.”

“दादा, नंबर तर दिसायलाय.”

“चालत नाहीत म्हणलं ना.”

तिनं नोटा पदराला बांधल्या. “नोटा नका घेऊ. जयभीमला जयभीम तर म्हणायचं होतं.”

अर्ध्या तासानं त्याच मिलच्या मालकाची गड्डी आली. तेलकट, चिकटपट्टी लावलेल्या नोटा.

“शेठच्या हायत,” हेड कॅशियर म्हणाले. “कोऱ्या द्या.”

मी गड्डी परत सरकवली. “आधी त्या बाईला बोलवा. अन् उद्यापासून या टेबलावर तुम्ही बसा.”

या वेळी कुणी हसलं नाही. मी उठून मिलपर्यंत पळालो. निवडणाऱ्या बायांत ती दिसली नाही. तिचं नाव मी विचारलंच नव्हतं, शोधणार कुणाला? महिन्याभरात माझी देगलूरला बदली झाली.

मी हेड कॅशियरला कसा भिडलो, हे आमचे लोक कौतुकानं सांगतात. बाईचं कुणाला ठाऊक नाही. मी सांगितलंच नाही.

आता नांदेडला सेवानिवृत्तांचा मेळावा आहे. माझा सत्कार आहे, आणि तीच अर्धी गोष्ट सांगणार आहेत. मी कळवलंय, आधी मी बोलणार. त्या नोटा बदलून देण्यासारख्या होत्या. नियम मला पाठ होता. कुणी मला तिचा पाव्हणा म्हणू नये, एवढ्यासाठी मी एका पोरीचा फॉर्म अडवला. हे बोलू देणार नसाल, तर शाल तुमच्याकडंच ठेवा. मी सभागृहाच्या दारात उभा राहून बोलेन.